आकडा टाचणीनंच लावा

मेलबर्नला नवीन आलात ना? मग घर, गाडी, तूरडाळ कुठं स्वस्त मिळते हे सगळं नंतर बघू. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी कुणीतरी विचारणार, "तुम्ही कुणाचे?" तिथं "आम्ही मूळचे साताऱ्याचे" हे उत्तर चालत नाही. प्रश्न फुटीचा, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा असतो. अठरा टीम आहेत, त्यातली एक सांगायची. इथल्या लोकांना टीम कुलदैवतासारखी लागलेली असते, आजोबांकडून बापाकडे, बापाकडून पोराकडे. तुम्ही बाहेरचे, म्हणून तुम्हाला निवडीची सवलत आहे. पण ती एकदाच वापरता येते.

टीम ठरली की निष्ठा शिकायची. घाबरू नका, महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा या विषयातला पाया पक्का असतो. 'निष्ठावंत', 'गद्दार' आणि 'स्वगृही परतला' हे तीन शब्द आले की निम्मा अभ्यासक्रम झाला. आपल्याकडून गेला तो गद्दार. दुसरीकडून आपल्याकडे आला तो स्वगृही परतला, मग तो आयुष्यात कधी या गृही राहिलेला नसला तरी चालेल. आणि क्लबनंच एखाद्याला घालवला, तर त्याला 'व्यवहार' म्हणायचं. व्यवहारात निष्ठा आणू नये.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, ग्रँड फायनल होते आणि घसा बरा व्हायच्या आत, ऑक्टोबरात, ट्रेडचा बाजार भरतो. तिथं खेळाडूच्या बदल्यात खेळाडू मिळतो, नाहीतर ड्राफ्टमधला, म्हणजे नवी पोरं पाळीपाळीनं उचलायच्या निवडीतला, नंबर मिळतो. पुढच्या वर्षीचा नंबरसुद्धा देता-घेता येतो. म्हणजे आज कुठल्याशा शाळेत गणिताच्या तासाला जांभया देणारा पोरगा कुणाच्या तरी बदल्यात आधीच जाऊन बसलेला असतो. अठरा वर्षांच्या त्या मुलाला क्लब निवडता येत नाही. पर्थच्या पोराला ब्रिस्बेननं पुकारलं, की देशाच्या या टोकावरून त्या टोकाला निघायचं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची पहिली नेमणूक जशी व्हायची तशीच. दोन वर्षांनी तो "घरची आठवण येते" म्हणाला, तर तुम्ही दुखावलं जायचं. ज्याला आपण विचारलंच नव्हतं त्यानं आपल्याला सोडून जावं, यापेक्षा मोठा विश्वासघात कोणता!

कराराबद्दलही थोडं समजून घ्या. करार खेळाडूला बांधतो. क्लबला तो दिशा दाखवतो. २०२० साली मेलबर्नच्याच कॉलिंगवूड क्लबच्या पगाराचं गणित बिघडलं. अॅडम ट्रेलोअरच्या कराराची अजून पाच वर्षं बाकी होती आणि त्याला जायचंही नव्हतं. पण त्याची जोडीदार नेटबॉल खेळायला तान्ह्या मुलीला घेऊन क्वीन्सलँडला निघाली होती, आणि एवढ्या लांबच्या संसारामुळं त्याच्या खेळाचं काय होणार, अशी काळजी क्लबात बोलून दाखवली गेली. आपल्याकडे पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदली मिळवायला शिक्षकांच्या चपला झिजतात, इथं न मागता मिळाली. फक्त ती झाली वेस्टर्न बुलडॉग्जकडे. हा क्लबही मेलबर्नचाच, फुट्सक्रेचा. क्वीन्सलँड होतं तिथंच राहिलं. वर त्याच्या पगाराचा काही भाग कॉलिंगवूडच भरणार होतं. असा प्रसंग तुमच्या क्लबात आला, तर "शेवटी हा धंदा आहे" हे वाक्य पाठ करून ठेवा. हेच वाक्य खेळाडूच्या तोंडी आलं, तर मात्र हुर्यो करा.

सॅम मिचेलनं हॉथॉर्नला चार अजिंक्यपदं मिळवून दिली, २०१६ मध्ये क्लबचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पाचव्यांदा बक्षीस घेतलं आणि त्याच महिन्यात त्याची रवानगी पर्थच्या वेस्ट कोस्ट क्लबात झाली. आता तोच हॉथॉर्नचा प्रशिक्षक आहे. याला म्हणतात निष्ठा, आणि ती कुणाची हे विचारायचं नसतं.

पैशांवर बोलायची तयारी ठेवा. २०१३ च्या शेवटी लान्स फ्रँकलिन हॉथॉर्न सोडून सिडनीला गेला, नऊ वर्षांसाठी, एक कोटी डॉलर. (खोक्यांत किती, ते तुम्ही मनात काढलं असेलच.) पुढच्याच वर्षी फायनलमध्ये हॉथॉर्ननं सिडनीला धुतलं तेव्हा हॉथॉर्नवाल्यांना परमेश्वर असल्याची खात्री पटली. सिडनीकडून त्याला अजिंक्यपद शेवटपर्यंत मिळालं नाही. पण २०२२ मध्ये त्यानं हजारावा गोल मारला आणि अख्खं मैदान प्रेक्षकांनी भरून गेलं. त्या गर्दीत "फार महाग पडला" म्हणणारे किती होते, हे मोजायची सोय नव्हती.

टॉम बॉइडच्या बाबतीत जरा जपून. ड्राफ्टमधला पहिला नंबर, ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबात एकच हंगाम काढला, आणि २०१४ मध्ये बुलडॉग्जनी आपला कर्णधार रायन ग्रिफन आणि वर ड्राफ्टचा सहावा नंबर देऊन त्याला आणलं. सात वर्षं, सत्तर लाखांच्या आसपास, वय एकोणीस. दोन वर्षं लोक एकेका गोलाची किंमत काढत होते. मग २०१६ ची फायनल आली, त्यानं तीन गोल मारले, त्यातला एक शेवटच्या क्वार्टरमध्ये लांबून, उसळ्या खात गेलेला, आणि १९५४ नंतर पहिल्यांदा बुलडॉग्ज जिंकले. पैसे वसूल. २०१९ मध्ये तेविसाव्या वर्षी तो खेळच सोडून गेला आणि आपल्या मानसिक त्रासाबद्दल उघड बोलला. त्या आठवड्यात तुमचा हिशेब पुन्हा काढू नका. निदान मोठ्यानं काढू नका.

कुणी फारच जुना माणूस भेटला तर रॉन बरासीचा विषय काढा. मेलबर्न याच नावाच्या क्लबसाठी सहा अजिंक्यपदं जिंकलेला हा माणूस १९६४ नंतर कार्ल्टनला गेला. मेलबर्नला पुढचं अजिंक्यपद २०२१ साली मिळालं. एवढं होऊन त्याचा पुतळा कुठं आहे? एमसीजीच्या दारात, मेलबर्नच्या स्वतःच्या मैदानाबाहेर. गद्दारी मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखी.

आता टीमनिवड. गुरुवारी संध्याकाळी नावं जाहीर होतात आणि त्या क्षणापासून तुम्ही निवड समितीचे सदस्य असता. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मुंबईची टीम निवडलेल्या माणसाला वेगळं काय शिकवायचं? एखाद्याला 'मॅनेज' केलंय असं छापून आलं, तर त्याचा अर्थ विश्रांती, दुखापत, भांडण किंवा खराब खेळ यांपैकी काहीही. तुम्ही भांडणच धरा.

डेरेक किकेट १९९३ मध्ये एसेंडनकडून फायनलपर्यंतचा प्रत्येक सामना खेळला. फायनलच्या टीममध्ये त्याचं नाव नव्हतं. एसेंडन जिंकलं. अजिंक्यपदाचं पदक फायनल खेळलेल्यांनाच मिळतं, त्यामुळं वर्षभर राबलेल्या किकेटच्या हाती काही आलं नाही. तो सिडनीला निघून गेला आणि प्रशिक्षक केविन शीडी यांच्याशी कित्येक वर्षं बोलला नाही. उलट २०१९ मध्ये रिचमंडचा मार्लियन पिकेट त्या दिवसापर्यंत एकही सामना खेळला नव्हता. त्याचं पदार्पणच फायनलमध्ये झालं, १९५२ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं, पिकेटला पदक. किकेट आणि पिकेट ही नावं जवळजवळ ठेवली की निवड समितीचं तत्त्वज्ञान कळायला मदत होते. जिंकलात तर निवड दूरदृष्टीची होती.

या सगळ्यात एक माणूस तुमचा अभ्यास बिघडवील. बुलडॉग्जचा कर्णधार बॉब मर्फी, गुडघा गेल्यामुळं २०१६ ची फायनल बाहेरून बघत होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला मंचावर बोलावून स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं. त्यानं नंतर ते परत केलं. अशा वेळी नियम आठवत बसू नका. रडून घ्या आणि पुढं चला.

शेवटी खरेदीचं. क्लबच्या दुकानात जर्सीच्या पाठीवर आवडत्या खेळाडूचा आकडा लावून मिळतो. गॅरी अॅब्लेट, म्हणजे धाकटा, जिलाँगकडून २९ नंबर घालायचा. त्यालाही 'लिटल मास्टर' म्हणतात, आपल्या गावसकरांसारखंच. २०१० नंतर तो गोल्ड कोस्टला गेला तेव्हा अनेकांनी ती जर्सी माळ्यावर टाकली. ज्यांनी धुऊन, डांबरगोळ्या घालून जपली ते शहाणे ठरले, कारण २०१७ च्या शेवटी तो जिलाँगला परतला. स्वगृही. जर्सी खाली काढली, इस्त्री झाली. पण मधल्या काळात २९ दुसऱ्याकडे गेला होता, आणि अॅब्लेट मैदानात उतरला तो ४ नंबर घालून.