उरियाचे काय?

ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी संध्याकाळी आमचा वसईकर मित्र कपाळावरचा राखेचा क्रूस तसाच ठेवून तलावपाळीच्या कट्ट्यावर आला, आणि तो बसतो न बसतो तोच वकीलसाहेबांनी विचारले, “असे कोणते पाप केलेस बाबा, की ते कपाळावर लावून हिंडावे लागते?” प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर गंभीर आले. गेल्या वर्षीच्या, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात, ती लावताना ‘तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील’ हे बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातले वाक्य म्हटले जाते, आणि ती कोणा एकाच्या एका गुन्ह्यासाठी नसते. धर्मगुरू स्वतःही ती लावून घेतो, असे त्याने सांगितले. “म्हणजे सगळेच आरोपी,” वकीलसाहेब म्हणाले. “सगळेच,” वसईकर म्हणाला, आणि त्या एका शब्दावरून जी चर्चा सुरू झाली ती रात्री उशिरापर्यंत चालली. ती मला लिहून ठेवावीशी वाटली, कारण ख्रिस्ती धर्मातल्या पापाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक वेळा ‘कबुली दिली की सुटका’ एवढ्यावरच थांबते.

मास्तरांनी सुरुवातीलाच आपली बाजू मांडली. पाप आणि पुण्य यांची खतावणी आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. एका बाजूला वाढले की दुसऱ्या बाजूला भर घालायची, आणि शिल्लक राहील ते पुढे भोगायचे. यात न्याय आहे, कारण ज्याचे त्याला मिळते. ख्रिस्ती विचारात तुमचे सत्कृत्य पापाला खोडत नाही, असे म्हणतात. मग माणसाने चांगले वागायचे कशासाठी?

याला उत्तर दिले ते ताईंनी. त्या नगरकडच्या मराठी मिशनच्या जुन्या घराण्यातल्या, प्रॉटेस्टंट, आणि बायबल त्यांना मास्तरांच्या अभंगांइतकेच पाठ. त्या म्हणाल्या, “मास्तर, ती खतावणी येशूनेच मिटवून टाकली आहे.” बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणारी जी शुभवर्तमाने आहेत त्यांतल्या लूकच्या शुभवर्तमानात परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, आणि लोकांच्या तिरस्काराचा धनी असलेला जकातदार मंदिरात प्रार्थनेला येतात. परुशी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो, आणि यातले काहीही तो खोटे सांगत नाही. जकातदाराजवळ सांगण्यासारखे काहीच नाही. तो मान खाली घालून दया मागतो, आणि देवासमोर नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही हेच घडते. धाकट्याने बापाची संपत्ती उधळली आणि तो परत आल्यावर बापाने त्याला जवळ घेतले हे सर्वांना ठाऊक असते, पण कधीही आज्ञा न मोडलेला थोरला भाऊ शेवटी घराबाहेर उभा राहतो, आत यायला तयार होत नाही, हे फार थोडे जण लक्षात ठेवतात. ताईंचे म्हणणे असे की पाप म्हणजे आधी तुटलेले नाते, आणि मग त्यातून झालेली कृत्ये. बापाशी तुटलेले नाते मुलाने कितीही राबून विकत घेता येत नाही. ते बापानेच पुढे होऊन जोडावे लागते. चांगले वागणे त्या नात्यातून पुढे येते, त्याची किंमत म्हणून नव्हे.

मास्तर क्षणभर थांबले आणि म्हणाले की मग हे आपल्या संतांना परके नाही. विठ्ठलाला पतितपावन म्हणताना त्यांनी स्वतःला पतितांत मोजलेच आहे. ताईंनी लगेच रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण काढली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले होते, हे मराठी ख्रिस्ती घरांत अजूनही अभिमानाने सांगितले जाते. मला हा धागा महत्त्वाचा वाटतो. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात आदाम आणि हव्वेच्या पतनाची कथा ओवीत आली आहे. म्हणजे ही कल्पना मराठीत येऊन चारशे वर्षे झाली, तिला आता परदेशी म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

पण मास्तरांचा खरा आक्षेप पुढे होता. संतांनी स्वतःला पतित म्हटले ते आपल्या अनुभवाने. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पापी म्हणणे हा त्या बाळाचा अपमान आहे, आणि हजारो वर्षांपूर्वीच्या आदामाच्या अपराधाची शिक्षा त्याला देणे हा अन्याय आहे. इथे वसईकर आणि ताई दोघेही थोडे सावध झाले, कारण हा प्रश्न त्यांच्या धर्मातही सोळाशे वर्षे भांडला गेला आहे. पेलाजियस नावाच्या साधकाचे म्हणणे होते की माणूस मनात आणील तर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, आदामाने आपल्याला फक्त वाईट उदाहरण घालून दिले. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने आदामाचा दोष जन्मानेच प्रत्येकाकडे येतो असे म्हणून त्याला विरोध केला, आणि ४१८ सालच्या कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसचे मत नाकारले. ऑगस्टीनचा मुद्दा मात्र पुस्तकी नव्हता. सोळा वर्षांचा असताना त्याने मित्रांबरोबर शेजारच्या झाडाची नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती, आणि चोरलेली बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकली. आयुष्यभराच्या पापांत या क्षुल्लक चोरीवर तो पानेच्या पाने लिहितो, कारण त्याला तिथे कसलाही लाभ सापडत नाही. केवळ वाईट करण्याची गोडी सापडते, आणि एकटा असतो तर ही चोरी केली नसती हेही तो नोंदवतो. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हेच म्हटले आहे: जे चांगले करावेसे वाटते ते माझ्याकडून होत नाही, आणि जे नको असते तेच होते.

“पण बाळाचे काय?” मास्तरांनी प्रश्न सोडला नाही. वसईकराने सांगितले की १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात आदिपापाला, म्हणजे आदामापासून जन्मतःच आलेल्या पापाला, केवळ साम्याने पाप म्हटले आहे. ते केलेले कृत्य नसून मिळालेली अवस्था आहे, त्यात बाळाचा वैयक्तिक दोष नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत तर आदामाकडून आपल्याकडे मृत्यू आणि दुर्बलता येते, त्याचा दोष येत नाही, असेच मानतात. स्नानसंस्काराशिवाय, म्हणजे बाप्तिस्म्याशिवाय, मेलेल्या बालकांविषयी व्हॅटिकनच्या ईशज्ञान (थिऑलॉजी) आयोगाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात त्यांच्या तारणाची आशा धरण्यास आधार आहे असे म्हटले. माझे मत विचाराल तर मास्तरांचा आक्षेप ऑगस्टीनच्या मांडणीला लागू पडतो, पण त्याच्या निरीक्षणाला लागू पडत नाही. जातीचा गर्व, बाईमाणसाविषयीची तुच्छता, शेजाऱ्याच्या भाषेविषयीचा राग या गोष्टी मूल स्वतः शोधून काढत नाही. पुरते बोलता येण्याआधीच ती त्याला घरातून मिळालेल्या असतात, आणि जाण येते तेव्हा ती त्याची स्वतःची मते झालेली असतात. दोष त्याचा नाही, पण रोग त्याच्यात आहे. याला आदिपाप हे नाव द्यावे की नाही यावर वाद होईल. वस्तुस्थितीवर होऊ नये.

यानंतर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट भेदांवर थोडे बोलणे झाले. वसईकराने सांगितले की त्यांच्याकडे पापाचे गंभीर आणि किरकोळ असे भेद आहेत, आणि गंभीर ठरण्यासाठी तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, करणाऱ्याला पूर्ण जाण हवी आणि त्याची राजीखुशी हवी. वकीलसाहेबांना हे फौजदारी कायद्याच्या जवळचे वाटले आणि आवडले. ताईंना आवडले नाही. मार्टिन ल्यूथरने शिकवल्याप्रमाणे विश्वासणारा मनुष्य एकाच वेळी नीतिमान ठरवलेला आणि पापीही असतो, त्यामुळे पापांची वर्गवारी करत बसण्यात आपण पुन्हा त्या खतावणीकडेच वळतो, असे त्या म्हणाल्या. तो मुद्दा तिथेच राहिला.

मला स्वतःला ज्या मुद्द्याने धरून ठेवले तो न केलेल्या गोष्टींचा. मिस्सेच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, आरंभी म्हणायच्या कबुलीत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर करायला हवे होते पण केले नाही त्याचीही कबुली असते. वकीलसाहेब म्हणाले की आपल्या कायद्यात न केलेले कृत्य गुन्हा ठरायला आधी तसे करण्याचे कायदेशीर बंधन असावे लागते. तलावात बुडणाऱ्या अनोळखी माणसाकडे काठावरून नुसते पाहत राहणारा सामान्यतः गुन्हेगार ठरत नाही. ताईंनी त्यावर लूकमधला श्रीमंत मनुष्य आणि लाजरस यांचा दाखला सांगितला. त्या श्रीमंताने दाराशी पडलेल्या लाजरसला मारले नाही, हाकलले नाही, लुबाडल्याचेही कुठे म्हटलेले नाही. लाजरस दाराशी होता आणि हा रोज मेजवानी झोडत होता, एवढाच आरोप आहे, आणि तेवढ्यावर तो यातनास्थळी जातो. मी ख्रिस्ती नाही, पण माझ्यासारख्या कधी चोरी न केलेल्या, कर वेळेवर भरणाऱ्या आणि त्यामुळे स्वतःला बरा समजणाऱ्या माणसाला इतका थेट प्रश्न विचारणारी गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

इथवर वकीलसाहेब ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारले, “हे सगळे देव आणि पापी यांच्यात चालले आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो कुठे आहे?” आणि त्यांनी बायबलमधल्या इस्राएलच्या दावीद राजाचे प्रकरण काढले, जे त्यांनी स्वतः वाचले होते. दाविदाने बथशेबेला बोलावून घेतले, ती गरोदर राहिली, आणि ते झाकण्यासाठी त्याने तिच्या नवऱ्याला, उरिया हित्तीला, घनघोर लढाईच्या तोंडी ठेवून मागे हटण्याचा हुकूम सेनापतीला धाडला. तो हुकूम घेऊन गेला उरियाच. पुढे नाथान संदेष्ट्याने उघडे पाडल्यावर दावीद पश्चात्ताप करतो, आणि त्याच्या नावावर असलेल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात देवाला म्हणतो की तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले. “केवळ तुझ्याविरुद्ध? खून कोणाचा झाला? आणि क्षमा कोणी केली? ज्याचे काही गेले नाही त्याने. कोर्टात असा निकाल टिकेल का?”

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग वसईकर म्हणाला की नाथान राजाला देवाची महती सांगत नाही, एका गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने हिसकावल्याची गोष्ट सांगतो; देव त्या खटल्यात गरिबाच्या बाजूने उभा असलेला फिर्यादी आहे, तिऱ्हाईत न्यायाधीश नव्हे. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे मानले की उरियावरचा वार देवावरही पडतो. वकीलसाहेबांनी हे अर्धेच मान्य केले: “देवावरही पडला, मान्य. पण उरियावर पडलेला वार त्याने पुसला जात नाही. शिवाय शिक्षा म्हणून मेले कोण, तर ते जन्मलेले लेकरू.” यावर ताई स्पष्टपणे म्हणाल्या की लेकराच्या मृत्यूचा तो भाग त्यांना कधीच पचलेला नाही, आणि बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही असे यहेज्केल संदेष्ट्याने नंतर ठामपणे सांगितले याचाच त्यांना आधार वाटतो. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा कोणत्याही युक्तिवादापेक्षा मोठा वाटला.

ताईंनी मग हा प्रश्न आपल्या मातीत आणला. पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यता सोसलेल्या माणसांना चर्चने आधी सांगितले ते ‘तुम्ही पापी आहात’ हेच. त्यांच्यावर झालेल्या पापाची भाषा फार उशिरा आली. १९८० च्या दशकात अरविंद निर्मल आणि इतरांनी दलित ईशज्ञान मांडले तेव्हा ती उणीव उघडपणे बोलली गेली, आणि दक्षिणेत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांना वेगळ्या दफनभूमीत पुरले जाते या वास्तवाकडे पाप म्हणून बोट दाखवता आले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ च्या परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी लिहिले, म्हणजे पाप केवळ एकेका मनात राहत नाही, ते व्यवस्थेतही घर करते, हे कॅथलिकांनीही मानले. वसईकराने मान डोलावली आणि पुढे सांगितले की चोरीची कबुली देणाऱ्याला धर्मगुरू क्षमा देतो तेव्हा चोरलेले परत करण्याचे बंधन सुटत नाही. जक्कय जकातदारानेही अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि फसवून घेतलेल्याच्या चौपट परत करण्याचे कबूल केले, आणि तुझ्या घरी तारण आले आहे असे येशू म्हणाला ते त्यानंतर. वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असेही मत्तयच्या शुभवर्तमानात आहे.

“जिवंत माणसाशी समेट होईल,” वकीलसाहेब म्हणाले. “उरिया मेला आहे.”

तेव्हा ताईंनी मत्तयच्या पहिल्याच पानावरची वंशावळ सांगितली. येशूच्या पूर्वजांची नावे एकामागून एक येतात, आणि शलमोनाच्या जन्मापाशी मत्तय बथशेबेचे नाव घेत नाही. दाविदाला उरियाच्या बायकोपासून शलमोन झाला, असे तो लिहितो. राजाला क्षमा होऊन शतके लोटली होती, तरी तारणाऱ्याच्या वंशावळीत खून झालेल्या माणसाचे नाव ठेवलेले आहे. क्षमा म्हणजे विसर नव्हे, एवढे तरी यातून दिसते, असे त्या म्हणाल्या. आणि ख्रिस्ती माणूस मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो, त्यामुळे शेवटच्या न्यायाच्या दिवशी दाविदासमोर उरियाही उभा असेल असे तो धरून चालतो.

“मग त्या दिवशी पहिल्यांदा उरियाला विचारले पाहिजे,” वकीलसाहेब म्हणाले, “देवाने माफ केले म्हणून त्यानेही केलेच पाहिजे, असे त्याला कोणी सांगायचे नाही.” वसईकराला हे पटले नाही, कारण आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे तशी आम्हाला कर, असे तो रोज प्रार्थनेत म्हणतो आणि त्यातून उरियाला वगळता येत नाही. ताई मात्र या एका मुद्द्यावर वकीलसाहेबांच्या बाजूने होत्या, आणि मीही.