‘झोपडीत सुखाची झोप’ म्हणणाऱ्या मामांना

धाकट्या बहिणीला गेल्या महिन्यात कळलं, की तिच्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या आणि तेच काम करणाऱ्या माणसाला तिच्याहून जास्त पगार आहे. तिने घरच्या ग्रुपवर तसं लिहिलं. मामांनी उत्तर म्हणून सध्या फिरतोय तो मेसेज टाकला. विषमता म्हणजे नुसते आकडे; तुलना हा हेवेखोरांचा रोग; झोपडीतला सुखाने झोपतो, बंगल्यातला गोळ्या घेतो; म्हणून वर बघू नका, खाली बघा. शेवटी जोडलेले हात. तिने ‘हो मामा’ लिहिलं.

आधी ती झोप. झोपडीतला माणूस दिवसभर राबून आडवा होतो. त्याला सुख म्हणायचं तर बेशुद्धीलाही म्हणा. आणि विषमता ‘नुसते आकडे’ असते, तर ती शरीरात उतरली नसती. ब्रिटनमध्ये १९६७ पासून सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांच्या तब्येतीवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात तो हाच. संशोधक मायकेल मार्मट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. सगळे पुरुष, सगळे पगारदार, उपचार सरकारी खर्चाने. उपाशी किंवा बेघर कोणी नाही. तरी पहिल्या दहा वर्षांत तळच्या श्रेणीतल्यांचा, म्हणजे शिपाई-निरोप्यांचा, मृत्युदर सर्वांत वरच्या साहेबांच्या तिप्पट निघाला. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बराच फरक उरलाच. बरं, फक्त तळचेच मरत होते असंही नाही. दुसऱ्या पायरीवरचे, चांगल्या हुद्द्याचे लोकही पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा लवकर जात होते. मामा, यांना काय सांगणार? खाली बघा? त्यांच्या खाली अख्खी कचेरी होती.

हेवेखोरीचं म्हणाल, तर कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना संशोधकांनी एवढंच कळवलं, की सगळ्यांचे पगार अमुक वेबसाइटवर बघता येतात. २०१२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. आपल्या विभागात ज्यांचा पगार मधल्या आकड्याच्या खाली होता ते नाराज झाले, दुसरी नोकरी शोधण्याचं बोलू लागले. वरचे मात्र काही जास्त खूश झाले नाहीत. आता नाराज झालेले ते सगळे जन्मजात हेवेखोर होते म्हणायचं का?

एक कबूल करतो, नाइलाजाने. फोनवर दुसऱ्यांच्या सहलींचे फोटो बघत बसलं की जीव उगाच खालीवर होतो. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे. पण सहलीचा फोटो आणि पगाराचा कागद यांना एका पंगतीत बसवायचं, ही त्यातली खरी चलाखी.

‘खाली बघा’वर वेळ घालवत नाही. खालच्यांनी कुठे बघायचं ते मेसेजमध्ये नाही.

बहिणीने ऑफिसला मेल लिहून ठेवलाय, पगारात फरक का, एवढंच विचारणारा. आठ दिवस तो ड्राफ्टमध्ये पडून आहे. काल मला वाचायला दिला आणि विचारलं, “दादा, हेवेखोर वाटेन का रे मी?”