इस्टेट सेलला जाताना घ्यावयाची काळजी

आपल्याकडे इस्टेट म्हटली की दोन भाऊ, एक बहीण, तीन वकील आणि दिवाणी कोर्टातली वीस वर्षं डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतली इस्टेट याच्या बरोबर उलटी. ती दोन्ही भावांना नको असते आणि बहिणीला तर त्याहून नको असते. आई गेली, की मुलं विमानानं येतात, फोटोंचे चार अल्बम उचलतात आणि घराची किल्ली एका कंपनीच्या हवाली करून परत जातात. कंपनी बशीपासून बिछान्यापर्यंत सगळ्याला किमतीची चिठ्ठी लावते आणि शुक्रवारी सकाळी घराचं दार उघडते. जमलेल्या पैशातला तिसरा हिस्सा, कधी कधी निम्मासुद्धा, तिचा. मग तुम्ही आम्ही आत जातो आणि दिवंगत बाईंच्या स्वयंपाकघरातले खण उघडून बघतो.

मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली अकरा वर्षं हे पुण्यकर्म नियमानं करतो आहे. नवख्यांची होणारी फरफट बघवत नाही, म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी ‘मेलेल्याचं घर’ हे शब्द डोक्यातून काढून टाका. जाहिरातीत कोणीही मेलेलं नसतं. तिथे ‘पन्नास वर्षांचा जपलेला संग्रह’ असतो. धंद्यातली माणसं सेलची कारणं चार ‘डी’मध्ये सांगतात: डेथ, डिव्होर्स, डेट आणि डाउनसायझिंग. म्हणजे मरण, काडीमोड, कर्ज आणि लहान घरात जाणं. तुम्ही नेहमी चौथं कारण धरून चाला. आजी फ्लोरिडात समुद्रकाठी बसून संत्र्याचा रस पिताहेत असं समजा. न्हाणीघराशी पायांना टेनिसचे चेंडू खोचलेला वॉकर दिसला, तर आजी टेनिस खेळत असणार.

सेल नऊला सुरू होतो, पण नंबर सातला वाटतात, म्हणून सहाला पोचा. पहिले दहा नंबर डीलर लोकांचे असतात. त्यांच्या खिशात भिंग, टॉर्च आणि लोहचुंबक असतं आणि ते कोणालाही गुड मॉर्निंग म्हणत नाहीत. रांगेत थंडीनं कुडकुडताना ‘जवळच्या माणसाला खांदा द्यायला तरी आपण इतक्या पहाटे उठलो होतो का’ असा विचार मनात येतो. कॉफी प्या, जातो.

आता भावाचं. साधारण रिवाज असा की शुक्रवारी चिठ्ठीवरची पूर्ण किंमत, शनिवारी पाव सूट, रविवारी निम्मी. म्हणजे शुक्रवारी वस्तू आहे पण परवडत नाही, आणि रविवारी परवडते पण वस्तू नाही. यावर उपाय एकच, आणि तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. आवडलेली वस्तू शुक्रवारीच पुस्तकांच्या मागे सरकवून ठेवायची. सोफ्यामागे नको, तिथे सगळेच बघतात. पुस्तकांकडे मात्र कोणी फिरकत नाही. पन्नास पन्नास सेंटला पुस्तक दिलं तरी रविवारी संध्याकाळी कपाट जसंच्या तसं.

घरच्या आघाडीवर थोडा विरोध होईल. आमच्याकडे झाला. त्यावर हिनं जे शास्त्र बसवलं ते इतरांनाही उपयोगी पडावं. काचेला विटाळ नाही. चिनीमातीला नाही. धातूला आहे, पण चिंचेनं घासल्यावर जातो. लाकूड एक दिवस उन्हात ठेवून मग आत घ्यायचं, विटाळासाठी नव्हे, ढेकणांसाठी. कापड, गादी, उशी मात्र उंबरठ्याच्या आत यायची नाही. या नियमांच्या आधारे आमच्या घरात निळ्या फुलांची कॉर्निंगवेअरची, म्हणजे काच आणि चिनीमाती यांच्या मधल्या जातीच्या अमेरिकन भांड्यांची, सहा पातेली आहेत. १९५८ साली ती बाजारात आली तेव्हा कुठल्याशा नवऱ्यानं कुठल्याशा बायकोला आणून दिली असतील, आणि आज त्यांत आमची साबुदाण्याची खिचडी होते, उपासाची. आई भारतातून आली होती तेव्हा तिनं खिचडी खाल्ली, छान झाली म्हणाली, आणि पातेलं कुठून आणलं ते विचारलं. मी ‘ऑनलाइन’ म्हणालो.

‘एवढा पसारा कशाला’ या प्रश्नासाठी दोन उदाहरणं कायम तोंडपाठ ठेवा. न्यूयॉर्कमध्ये एका कुटुंबानं घरगुती सेलमधून तीन डॉलरला एक पांढरा वाडगा आणला आणि दिवाणखान्यात ठेवला. तो निघाला हजार वर्षांपूर्वीचा चिनी, आणि २०१३ साली लिलावात बावीस लाख डॉलरला गेला. दुसरं तर खुद्द इस्टेट सेलमधलंच: मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावी २०१६ साली कोणी तीस डॉलरला एक चित्र उचललं, आणि ते पाचशे वर्षांपूर्वीचा थोर जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या हातचं असल्याचं नंतर जाणकारांनी सांगितलं. अकरा वर्षांत मला काय सापडलं, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. (शाई सुकलेला टाइपरायटर, बिडाचे तीन तवे आणि एक बरोमीटर, जो बाहेर काहीही असलं तरी ‘वादळ’ दाखवतो.)

शिवाय भाव वस्तूला नसतोच, तो जाणाऱ्या माणसाला असतो. १९९६ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पत्नी जॅकलिन केनेडी ओनासिस यांच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा त्यांची नकली मोत्यांची माळ दोन लाख अकरा हजार पाचशे डॉलरला गेली आणि एक मोजपट्टी अठ्ठेचाळीस हजारांच्या वर. तुमच्या गल्लीतल्या बाईंची मोजपट्टी पंचवीस सेंटला मिळेल. मापं दोन्हीवर सारखीच येतात.

खरी परीक्षा दिवाणखान्यात नसते. तिथे फर्निचर असतं, आणि जड तपकिरी फर्निचर पाहून हल्ली कोणालाच काही वाटत नाही, मुलांना तर नाहीच. जपायचं ते लहान गोष्टींपासून. फडताळात दालचिनीची अर्धी बाटली असते, तिलाही चिठ्ठी असते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा असतात, शेजारी १९६८, १९६९, १९७१ असं लिहिलेलं. १९७० साली काय झालं होतं याचा विचार करायचा नाही. आणि डॅनिश बिस्किटांचा तो निळा गोल डबा. हा न उघडता पुढे जा. आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे: बटणं, दोऱ्याची रिळं, खडू, एक अंगठीसारखं टोपण बोटात घालायचं. आमच्या आईच्या कपाटातही अगदी हाच डबा आहे आणि आतही हेच आहे. त्या डब्यातली बिस्किटं पृथ्वीवर कोणी पाहिली आहेत कोण जाणे. मी एकदा उघडला. बटणांमध्ये एक दुधाचा दात होता. किंमत तीन डॉलर, डब्यासकट.

एवढ्यानं गलबलून आलंच तर आपलं बालपण आठवा, आराम पडतो. आजी गेल्यावर तेराव्याला गादी, छत्री, चपला आणि तांब्या दान दिला, इथवर सगळं सोवळ्यात झालं. महिनाभरानं बोहारीण आली. तिनं आजीचं एकेक लुगडं उजेडात धरून काठ पाहिला, विरलेल्या जागी बोट घातलं आणि सात लुगड्यांवर एक पातेलं पुढे सरकवलं. आई, जी तोवर आजीच्या नुसत्या नावानं रडत होती, ती पदर खोचून म्हणाली, “सात लुगडी आणि एवढंसं पातेलं? वर ते ताट दे.” अर्धा तास चाललं होतं. ताट मिळालं. अजून आहे. तेव्हा हे कसब आपल्यात मुळातच आहे, अमेरिकेनं फक्त पार्किंग दिलं.

एक प्रकार मात्र नवा आहे, त्याची तयारी ठेवा. १९६५ साली इथला स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपले इंजिनिअर, डॉक्टर या देशात येऊ लागले. तेव्हा आलेल्यांची वयं आता मोजून बघा. मागच्या शरदात आपल्या लोकांची वस्ती असलेल्या एडिसन गावाजवळच्या एका सेलला गेलो. आत पाय टाकला आणि हिंगाचा वास आला. जेवणाच्या टेबलावर ‘एशियन डेकोर’ अशी पाटी होती. पोळपाट होता, चिठ्ठीवर ‘केक स्टँड, सहा डॉलर’. विळीच्या पात्याला फुगवट्यांचं प्लास्टिक गुंडाळून ‘फक्त शोभेसाठी’ लिहिलं होतं. देव्हारा घंटेसकट ‘दागिन्यांचं कपाट’ झाला होता. देव नव्हते आत, तेवढे कोणीतरी नेले होते. स्टीलच्या डब्यावर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव होतं, ‘हिच्या लग्नाप्रीत्यर्थ मामांकडून, ७-२-१९७१’. नाव सांगत नाही.

आणि एक पितळी सोऱ्या. ‘पुरातन हत्यार, बारा डॉलर.’ दट्ट्या बाहेर काढला तर कडेला भाजणीचा वाळलेला कण चिकटलेला. गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं हे काय असतं. मी सांगितलं, चकलीचं. कसं वापरतात ते हातवारे करून दाखवलं, दिवाळी समजावली, तेल किती तापलं पाहिजे तेही सांगितलं. बाई अगदी हेलावून गेल्या.

“ओह, धिस इज सो स्पेशल,” त्या म्हणाल्या.

मी चकत्या मोजल्या. “बारीक शेवेची चकती हरवलीय,” मी म्हणालो. “सहाला द्या.”

सहा रविवारी, त्या म्हणाल्या, आज बाराच.

मागच्या खोलीत भिंतभर दिवाळी अंक होते, १९७८ पासूनचे, वर्षवार लावलेले. सोऱ्या त्यांच्यामागे बरोबर बसला.