‘इपिटमी’चा पहिला अर्थ राहिला
इंग्रजी शब्दांवरच्या एका लेखात ‘इपिटमी’ (epitome) म्हणजे फक्त ‘मूर्तिमंत उदाहरण’ असं दिलंय. जुना अर्थ ‘संक्षेप’ हा आहे. मूळ ग्रीक क्रियापदच ‘कापून आखूड करणे’ असं. रोमन इतिहासकार लिव्हीने १४२ खंड लिहिले, त्यांतले आज ३५च उरलेत. बाकीच्यांत काय होतं ते मुख्यतः नंतरच्या लोकांनी केलेल्या संक्षेपांवरूनच कळतं. (परीक्षेच्या गाइडांना नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) थोडक्यात सगळं सामावतं ते ‘इपिटमी’, म्हणून पुढे एखाद्या गुणाचा अर्क असलेल्या माणसालाही तेच म्हणू लागले. ‘क्विंटेसेन्स’ (quintessence) हा शब्दही ‘अर्क’ याच अर्थाने वापरतात, पण त्याची गोष्ट वेगळी. ते ग्रीकांच्या चार तत्त्वांपलीकडच्या पाचव्या तत्त्वावरून आलं, त्यात सारांशाचा संबंध नाही. आणि कृपा करून ‘एपिटोम’ म्हणू नका, शेवटचा ई उच्चारायचा असतो.