नरक्याचा काढा का चालत नाही

नरक्या या झाडाच्या तस्करीवरून विषय निघाला आणि सुहासने थेट मुद्द्याला हात घातला. "कॅन्सरचं औषध आपल्या सह्याद्रीतल्या झाडात आहे ना? मग इंजेक्शन कशाला, सालीचा काढा प्यावा!"

"काढ्यात उतरेल तेव्हा ना," मेघा म्हणाली. ती औषधनिर्माणशास्त्र शिकवते. "त्यातलं कॅन्सरवर चालणारं द्रव्य म्हणजे कॅम्प्टोथेसिन, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. कितीही आटव, बहुतेक सगळं चोथ्यातच राहणार. जे उतरेल ते किती, हे कळायला मार्ग नाही. आणि हिशोब असतो मिलिग्रॅमचा. त्याच द्रव्यापासून बनवलेलं टोपोटेकॅन हे औषध शिरेतून देतात ते शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसाला १.५ मिलिग्रॅम, सलग पाच दिवस."

"मग झाडातून काढतात कसं?" नितीनने विचारलं.

"वाळवलेल्या सालीची, लाकडाची भरड मिथेनॉलमध्ये मुरवायची, गाळायची, मिथेनॉल उडवून टाकायचं. उरलेला चिकट अर्क पाणी आणि क्लोरोफॉर्ममध्ये हलवला की द्रव्य क्लोरोफॉर्मच्या थरात जातं. पुढे सिलिकाची पूड भरलेल्या उभ्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, वेगळं करून स्फटिक पाडायचे. सिलिकाचा थर दिलेल्या प्लेटवर थेंब ठेवून ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरलं की निळा ठिपका लख्ख दिसतो. पण चमकणारी इतर द्रव्यंही असतात, त्यामुळे प्रमाण मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, एचपीएलसीवरच मोजायचं. मुलं चुकतात ती एका जागी. अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं नायट्रोजन असलेलं द्रव्य, म्हटलं की सवयीने आम्ल आणि अल्कली वापरून धुतात. हे द्रव्य आम्लाशी नीट क्षार बनवत नाही, आणि अल्कलीत त्याच्या रेणूतलं लॅक्टोन नावाचं कडं उघडून ते पाण्यात निघून जातं. किलोभर सुक्या मालात असतं एक ते तीन ग्रॅम, त्यातलंही असं वाया."

सुहास हटेना. "पण नैसर्गिक आहे, अपाय तरी नाही ना?"

"अपायामुळेच तर १९७०च्या दशकात कॅम्प्टोथेसिनच्या रुग्णांवरच्या चाचण्या थांबल्या! विरघळावं म्हणून सोडियम क्षार करून दिला. म्हणजे कडं आधीच उघडलेलं, आणि औषधाचा गुण त्या मिटलेल्या कड्यातच, तो गेला. लघवीच्या आम्लतेत तेच कडं पुन्हा मिटलं आणि मूत्राशयातून रक्तस्राव झाला. १९८५मध्ये ते पेशीतल्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला (एन्झाइमला) अडवतं हे कळलं, तेव्हा रेणूत फेरफार करायला पुन्हा जोर आला. अशा फेरफारांतूनच टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं आली. इरिनोटेकॅननेही जुलाब होतात. लगेच होणाऱ्यांवर ॲट्रोपिन देतात. तेही वनस्पतीतूनच आलेलं, बेलाडोनामधून."

"आपलं झाड, शोध मात्र अमेरिकेचा," सुहास पुटपुटला.

"१९६६चा मूळ शोध चिनी झाडातून, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांचा. वाणी मूळचे नंदुरबारचे. टॅक्सॉल हे कॅन्सरचं दुसरं औषधही याच जोडीचं."

"मग झाडं तोडणं थांबणार कसं?" नितीनला हेच जास्त लागलं होतं.

"टॅक्सॉलचंच बघ. यू या झाडाच्या १२ किलो सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम निघालं होतं, आणि साल सोलली की झाड मरतं. पुढे फ्रान्समध्ये प्येर पोतिए यांच्या गटाने युरोपीय यूच्या पानांतून १०-डीएबी हे टॅक्सॉलच्या जवळचं द्रव्य काढून त्यापासून औषध बनवलं. पानं पुन्हा फुटतात. नरक्याच्या पानांत मात्र सालीपेक्षा द्रव्य कमी, म्हणून तस्कर अख्खं झाडच नेतात. मुद्दाम लागवड करून, जास्त द्रव्याची रोपं निवडून तोडणी ठरवून करणं, हाच सरळ मार्ग."

"लावायला मी तयार आहे," सुहास म्हणाला, "पण विकत कोण घेणार, तोडायची परवानगी कोण देणार, ते आधी सांग."