मिरचीला मूठभर मीठ घालायला सांगणाऱ्या महाभागास

हर्णैच्या मावशीच्या सात मिरच्या मेल्या. लवंगी, घरचंच बी, दरवर्षी मे महिन्यात खळ्यात कुंड्यांमधून रोपं वाढवते आणि पाऊस लागला की परड्यात हलवते. फोनवर म्हणाली, अरे आधी पानं कडेने करपली मग सगळ्यांनीच माना टाकल्या, पाणी तर रोज घालत्ये. म्हटलं पाण्याशिवाय काय घातलंस? जरा वेळ गप्प, मग म्हणाली, मीठ, एका मेसेजमध्ये वाचून.

तो मेसेज मग मीही शोधला, आमच्याच फॅमिली ग्रुपवर होता आणि मी न वाचता पुढे गेलो होतो. "वैशाखातही बाग हिरवीगार, आजीचे 5 उपाय". कुणाची आजी देव जाणे. पहिलाच उपाय असा की प्रत्येक कुंडीत मूठभर खडे मीठ घाला, मीठ हवेतला ओलावा ओढून मुळांना देतं आणि पाणी निम्मं लागतं. बाकीचे चार म्हणजे दुपारी पाणी घालू नका कारण थेंब भिंगासारखे पानं जाळतात, पालापाचोळा जाळून राख पसरा, आंबट ताक शिंपडा, आणि पहिल्या पावसाच्या आदल्या दिवशी युरिया टाका.

मिठाचं आधी, कारण राग त्याचाच आहे. मीठ ओलावा ओढतं हे खरंय, पावसात बरणीतलं मीठ पाझरतं हे सगळ्यांनी बघितलेलं असतं म्हणून तर माणसं फसतात. पण ओढलेलं पाणी ते मुळांना कशाला देईल, ते स्वतःकडेच धरून ठेवतं, वर मुळांतलंही बाहेर काढतं. याच मे महिन्यात मावशी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवते, तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी सुटतं आणि फोडी मऊ पडतात. ते पाणी कुठून आलं? फोडीतूनच ना! मिरचीच्या मुळांचं कुंडीत तेच झालं. कुंडी ओली आणि झाड तहानलेलं, म्हणून ही बिचारी आणखी पाणी घालत राहिली.

आणि हे कोकणात सांगावं लागतंय याचं जास्त आश्चर्य. खाडीकाठच्या खारभूमीत पिढ्यान्‌पिढ्या बांध घातलेत ते कशासाठी, भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणूनच ना. बांध फुटला की भाताची काय अवस्था होते ते कुणाही खारवाल्याला विचारा, पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत जमीन वाया. आणि आपण तेच मीठ दुकानातून विकत आणून कुंडीत घालायचं.

आकडे हवे असतील तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची, म्हणजे एफएओची, पाण्याच्या प्रतीवर एक पुस्तिका आहे, सिंचन मालिकेतली 29 नंबरची, सुधारित आवृत्ती 1985 ची. त्यात कुठलं पीक किती खारटपणा सोसतं त्याचा तक्ता आहे, मोजमाप डेसीसीमेन्समध्ये, म्हणजे मातीतलं पाणी वीज किती वाहून नेतं त्यावरून, जितकं मीठ तितका आकडा मोठा. घेवड्याचं उत्पन्न 1 च्या वर गेलं की घसरायला लागतं, कांद्याचं 1.2, मिरचीचं 1.5, टोमॅटोचं 2.5. मिरची साडेआठच्या आसपास शून्यावर येते. आता मी माझी मूठ काट्यावर टाकून बघितली, 50 ग्रॅमच्या आसपास भरली. मध्यम कुंडीच्या मातीत ओल धरा तीन लिटर, म्हणजे लिटरला सोळा-सतरा ग्रॅम मीठ. समुद्रात असतं साधारण 35. म्हणजे मावशीने प्रत्येक कुंडीत निम्मा समुद्र ओतला, आणि समुद्राचं पाणी त्या मापावर 50 च्या घरात जातं. पुढचा हिशोब तुम्हीच करा. त्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात आधीच मचूळ झालेल्या असतात ते वेगळंच.

आता कुणीतरी म्हणणारच की आमचे आजोबा माडाच्या खड्ड्यात मीठ घालायचे. हो, घालायचे, आणि बरोबर घालायचे, हे मान्य करावं लागतंय. माडाला मिठातलं क्लोराइड लागतं, फिलिपाइन्समध्ये तर माडाला खत म्हणून मीठ देतात. पण माड म्हणजे समुद्राच्या वाळूत उभं राहणारं झाड, आणि आपल्याकडे वर कोसळणारा पाऊस मीठ धुऊन नेतो. माडाला चालतं म्हणून मिरचीला, मोगऱ्याला, पडवळाला चालेल हा शोध कुठल्या आजीने लावला?

बाकीचं पटकन. भिंगाची गोष्ट बहुतेक पानांसाठी खोटी, गुळगुळीत पानावर थेंब चपटा बसतो आणि जाळण्याएवढं ऊन एका जागी गोळा करतच नाही. तरी दुपारी घालू नकाच, बरंच पाणी उडून जातं एवढ्यासाठी. ताक घाला नाहीतर प्या, माझं काही म्हणणं नाही. युरिया पावसाच्या तोंडावर टाकला तर आपल्या जांभ्याच्या मातीतून पहिल्याच सरींबरोबर वाहून जाणार, म्हणजे शेजाऱ्याच्या व्हाळाला खत.

पालापाचोळ्याचं मात्र वाईट वाटतं. भाताच्या रोपासाठी राब भाजतात ते वेगळं, तिथे तण मारायचं असतं. राखेत पालाश असतं हेही खरं, पण नत्र धुरात गेलं आणि ऐन उन्हात माती उघडी पडली. तोच पाला आळ्यात पसरा. घरात सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, पडलेली असतील तर खोलगट बाजू वर करून माडाच्या आळ्यात पुरा, ती पाणी धरतात आणि पाच-सात वर्षं उपयोगी पडतात. हे केरळातल्या कासारगोडच्या नारळ संशोधनवाल्यांचंच सांगणं आहे. आणि मावशीला तर दापोली अर्ध्या-पाऊण तासावर, तिथे 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, पण विश्वास कुणावर तर फुलांचा फोटो लावलेल्या मेसेजवर.

मोगऱ्यालाही तिने घातलंन होतं, त्याच्या मातीत वरवर दिसत होते तेवढे खडे काढायला लावले आणि कुंडीच्या खालून भरपूर वाहून जाईल इतकं नळाचं पाणी तीनदा घालायला सांगितलं, विहिरीचं नाही. तो वाचला. मिरचीचं बी डबीत थोडं उरलंय म्हणाली, 25 मेला रोहिणी लागली की टाकते. ग्रुपवर काकांनी कालच तो मेसेज परत टाकलाय, खाली जोडलेले दोन हात.