सरळ जाणाऱ्या बोटीची वाकडी गोष्ट

पाण्यावर रस्ता नसतो, त्यामुळे तिथे सरळ जायला काय लागतं, असं काठावर उभं राहणाऱ्यांना वाटतं. ज्याच्याकडे मोटरबोट आहे त्याला विचारा. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एका दिशेला रोखून धरायची म्हणजे वारा, लाट, प्रवाह आणि इंजिन या चौघांशी एकाच वेळी भांडायचं, आणि त्यातलं इंजिन तर आपणच हौसेनं विकत घेतलेलं असतं. इंजिनाचा पाण्यातला पंखा एकाच बाजूला फिरतो, म्हणून स्टिअरिंगच्या चाकाला कायम एकीकडे ओढ लागते. ती मोडायला पंख्याच्या वर एक छोटं पातं तिरकं बसवलेलं असतं. पण ते एका ठरावीक वेगालाच इमानदारीनं काम करतं. बाकीच्या वेगांना आपले दंड.

आमच्या बोटीचं स्टिअरिंग केबलचं होतं. चाक फिरवलं की जाड वेष्टणातली तार मागे ढकलली जाते किंवा पुढे ओढली जाते, तिचं टोक इंजिनाच्या बिजागरीतल्या पोकळ नळीतून सरकतं आणि इंजिन वळतं. कल्पना साधी आणि चांगली आहे. फक्त त्या नळीत खारं पाणी शिरतं, गंज धरतो, जुनं ग्रीस वाळून घट्ट बसतं, आणि मग वळण घेणं हा निर्णय न राहता व्यायामप्रकार होतो. घरच्यांपैकी कोणी चाकाला हात लावत नसे. ‘तुमच्याइतकं कोणाला जमणार?’ असं म्हणून सगळे सावलीत बसत. मलाही ते खरं वाटायचं.

माझे साडू यंत्रांतले जाणकार आहेत. म्हणजे त्यांच्या घरी बंद पडलेली यंत्रं पुष्कळ आहेत. त्यांनी चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिलं, कण्हले आणि म्हणाले, ‘‘ग्रीस मारा, सुटेल.’’ ग्रीस मारलं. नवं ग्रीस जुन्या ग्रीसपर्यंत गेलं, तिथे वाट बंद आहे असं पाहून आलं त्या वाटेनं परत आलं आणि साडूंच्या शर्टावर स्थिरावलं. ‘‘हायड्रॉलिक करून टाका,’’ साडू म्हणाले. ‘‘आणि करताच आहात तर ऑटोपायलटही बसवून घ्या, बोट आपली आपण सरळ जाईल.’’ बोटीच्या जगात ‘करताच आहात तर’ या तीन शब्दांइतके महागडे शब्द दुसरे नाहीत.

जुनी केबल काढण्याबद्दल फार लिहीत नाही. गंज सोडवणारं तेल, लाकडी ठोकळा, हातोडा आणि काही शब्द एवढी सामग्री लागली. शब्द साडूंचे होते.

हायड्रॉलिक स्टिअरिंग कागदावर फार गोड दिसतं. चाकामागे एक पंप. तिथून दोन होज, म्हणजे लवचीक नळ्या, मागे जातात आणि इंजिनापुढच्या सिलिंडरच्या दोन बाजूंना जोडतात. चाक एकीकडे फिरवलं की एका होजमधून तेल जातं, दुसऱ्यातून परत येतं, इंजिन वळतं. पंपातच झडपा असतात, त्यामुळे इंजिनाची ओढ चाकापर्यंत पोचत नाही. हात सोडला तरी इंजिन आहे तिथेच राहतं. तेल मात्र हायड्रॉलिकचंच हवं. साडूंनी ‘‘तेल ते तेल’’ म्हणत आणलेला ब्रेक ऑइलचा डबा मी नम्रपणे त्यांच्या गाडीत परत ठेवला. आट्यांना लावायची पांढरी टेपही चालत नाही. तिचा एखादा तुकडा आत गेला की झडपेत जाऊन बसतो, म्हणून तिथे पातळ सीलंट लावायचं. ती टेपही गाडीत गेली.

खरं घोडं पुढे अडलं, हवा काढताना. तेल दबत नाही, हवा दबते. होजमध्ये हवा राहिली तर चाक फुग्यावर बसवल्यासारखं लागतं, आपण फिरवतो आणि इंजिनाला नंतर कधीतरी कळतं. म्हणून तेलाची बाटली चाकाच्या पंपावर उलटी लावायची. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं मागे सिलिंडरचा निपल, म्हणजे हवा काढायची छोटी तोटी, सोडायचा, बुडबुडे थांबेपर्यंत तेल बाहेर येऊ द्यायचं, निपल आवळायचा, मग दुसरी बाजू. दोन माणसांचं काम आहे. पुस्तिकेत ‘दोन माणसं’ एवढंच लिहिलं आहे. त्यांतला एक साडू असेल तर काय करावं याचं मार्गदर्शन नाही.

साडू चाकाशी, तोंड पुढे. मी इंजिनापाशी गुडघ्यांवर, तोंड मागे, एका हातात पाना, दुसऱ्या हातात तेल झेलायला डबा. मी ओरडलो, ‘‘डावीकडे!’’ साडूंनी डावीकडे फिरवलं. त्यांच्या. मला हवी होती माझी डावी, जी त्यांची उजवी होती. बंद निपलकडे मी बघत राहिलो आणि उघडा होता त्यानं बाहेरची हवा आत ओढून घेतली.

‘‘अहो, डावी म्हटलं ना!’’

‘‘डावीच फिरवली!’’

‘‘माझी डावी!’’

‘‘बोट तुमची आहे म्हणून डावी पण तुमचीच का?’’

यात त्यांचं म्हणणं तसं बिनतोड होतं. शेवटी दिव्यांनी वाचवलं. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा, मग माणूस कुठेही तोंड करून बसलेला असो. तेव्हापासून मी ‘‘लाल!’’ म्हणून ओरडायचो, साडू ‘‘लाल!’’ म्हणून प्रत्युत्तर द्यायचे आणि चाक फिरवायचे. मग ‘‘हिरवा!’’ धक्क्यावर माणसं थांबून बघायला लागली. तेल थोडं डब्यात, थोडं माझ्या कोपरापर्यंत आणि उरलेलं योग्य ठिकाणी गेलं. चाक इतकं हलकं झालं की एका बोटानं फिरावं. लगेच घरातल्या प्रत्येकाला बोट चालवायची होती.

ऑटोपायलटचा पंप उशिरा आला. तो याच दोन होजना टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून जोडायचा, शिवाय तिसरी बारीक नळी चाकाच्या पंपातल्या तेलसाठ्याकडे न्यायची. म्हणजे होज पुन्हा उघडायचे. म्हणजे हवा पुन्हा आत. म्हणजे लाल, हिरवा, लाल, हिरवा. धक्क्यावरची काही मंडळी ओळखीची होती.

पंप सिलिंडरच्या मापाचा असावा लागतो. लहान पडला तर बोट वळायला उशीर करते, मोठा झाला तर झेपेपेक्षा जास्त वळते. वायरिंगचं म्हणाल तर सगळ्या उपकरणांना जोडणारी एक मुख्य तार, तिच्यावर ठिकठिकाणी टी, आणि दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा रोधक. वीज बंद करून मीटर लावला की दोन्ही मिळून साधारण 60 दाखवायला हवेत. 120 दिसले तर एक टर्मिनेटर बसलेला नाही. मीटरवर 60 आले तेव्हा साडूंना झालेला आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता.

होकायंत्राच्या सेन्सरला मात्र पत्रिका जुळवून जागा द्यावी लागते. लोखंड जवळ नको, स्पीकरचं चुंबक नको, बॅटरीच्या जाड तारा नकोत, पुढे गेलो तर नांगराची साखळी, मागे गेलो तर इंजिन. बोटीच्या मध्याला, खालच्या बाजूला एक निर्दोष कप्पा सापडला. तिथे हत्यारांची पेटी होती, ती हलवली. मग शांत पाण्यात सेन्सरला बोटीची ओळख करून द्यायची, म्हणजे हळूहळू गोल फिरत राहायचं. जरा जोरात फिरलो की यंत्राचा पडदा म्हणे, हळू. हळू फिरलो की म्हणे, जरा जोरात. काठावरून एकानं हात हलवून विचारलं, काही मदत हवी का.

पहिल्याच सफरीत बोट सरळ निघाली आणि थोड्या वेळानं कारण नसताना डावीकडे झुकली. मग परत सरळ. मग परत डावीकडे. साडू पंपाला दोष देऊ लागले, मी सेन्सरला. शेवटी उलगडा झाला. त्या निर्दोष कप्प्यावर भाचा ब्लूटूथ स्पीकर ठेवून गाणी ऐकत होता. तो स्पीकर उचलून गाणं बदलायचा, परत ठेवायचा, आणि बिचारा ऑटोपायलट दर गाण्याला नवी उत्तर दिशा पत्करून निष्ठेनं तिकडे वळायचा.

पुढचं काम स्वभाव जुळवण्याचं. चुकल्यावर यंत्रानं किती वळवायचं आणि बोट परत फिरू लागली की किती आधी सावरायचं, हे आकडे भरावे लागतात. यामागचं गणित निकोलस मिनोर्स्की या अभियंत्यानं 1922 मध्ये मांडलं, आणि अमेरिकेच्या ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर ते तपासलंही गेलं. तो सुकाणू धरणाऱ्या माणसांचा विचार करून तिथवर पोचला. चांगला सुकाण्या फक्त आपण आत्ता किती चुकलो एवढंच बघत नाही. आधीपासून किती चुकत आलोय आणि आत्ता किती वेगानं फिरतोय, हेही तो ध्यानात घेतो. साडू चाकाशी बसले की फक्त पहिली गोष्ट बघतात, त्यामुळे त्यांच्यामागे पाण्यात नागमोडी नक्षी उमटते. यंत्रामागे सरळ रेघ उमटली. साडू त्या रेघेकडे बराच वेळ बघत होते. ‘‘वारा नाहीये ना, म्हणून,’’ ते म्हणाले.

हे यंत्र नाक सरळ ठेवतं, पण नुसत्या होकायंत्रावर चालवलं तर प्रवाह बोटीला आडवी नेतोय हे त्याला कळत नाही. जीपीएसच्या खुणेवर लावलं तर ते नको इतकं अचूक जातं. खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा बोया निवडला की थेट बोयावर. समोरचं जाळं, ओंडका, दुसरी बोट यांतलं काहीच त्याला दिसत नाही. समुद्रात टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी आणि कानांनी कायम पहारा ठेवा. ऑटोपायलट लावलाय ही सबब तिथे चालत नाही. त्यामुळे आता मी हात मांडीवर ठेवून समोर टक लावून बसतो. ‘‘अहो, यंत्र चालवतंय ना? मग तुम्ही एवढे दमता कशानं?’’ असं बायको विचारते. दंड दुखायचे तेव्हा निदान कोणी तेल चोळून देत होतं.

शिवाय यंत्राचाही माझ्यावर विश्वास नाही. त्याला एक पहाऱ्याची घंटी आहे. काही मिनिटं कोणी बटण दाबलं नाही, तर चालक झोपला असं समजून ते ओरडायला लागतं. परवा मी दुर्बिणीतून एका होडीकडे बघत होतो आणि बटण राहून गेलं. घंटी कर्कश वाजली. सावलीत घोरत पडलेले साडू ताडकन उठले, दोन्ही हातांनी चाकावर झडप घालून ओरडले, ‘‘लाल की हिरवा?’’